पसरीची काडी

मिस्त्रींना ते आधी पायाला कळले, डोळ्यांना नंतर.

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर आठवडाभर मुलाच्या फ्लॅटवर काढून ते घरी परतत होते. मुलगा सोडायला आला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, खिशात थेंबांची बाटली. मुलाने पुढचे दार उघडलेच नाही. हाताला धरून बोळातून त्यांना स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला नेले आणि म्हणाला, "आता चाला, बाबा. बिनधास्त चाला."

मिस्त्रींनी सवयीने पाय उंच उचलून लांब टाकला. कारण तिथे पसरी असायची. तिच्यावरून ढांग टाकल्याशिवाय नळापर्यंत जाता येत नसे. उंच उचललेला पाय धप्पकन टणक जमिनीवर आदळला आणि गुडघ्यापर्यंत कळ गेली. त्यांनी चष्मा वर केला. खिडकीखालपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत राखाडी फरशी होती. कोरी, सपाट, धुतलेली.

"पसरी कुठाय?"

"काढली!" मुलगा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी चित्र काढून दाखवायला आणायचा तसला आनंद होता. "मुळासकट. खाली खडी, वर सिमेंट, त्याच्यावर ही फरशी. ओली झाली तरी घसरत नाही. आता बापजन्मात काही उगवायचं नाही इथे."

"कुणी सांगितलं काढायला?"

"तुम्हीच की! जन्मभर दुसरं काय सांगत होतात? म्हटलं, बाबांची एक गोष्ट तरी त्यांच्या मनासारखी करू."

यात खोटे काहीच नव्हते. त्या पालेभाजीवर मिस्त्रींनी जितकी कुरकुर केली होती तितकी आयुष्यात दुसऱ्या कशावर केली नव्हती. जमिनीलगत पसरणारी, गोल चुरगळलेल्या चकचकीत पानांची भाजी. नाव काय असेल ते असो, बायको तिला पसरी म्हणायची आणि तिच्यामुळे सगळी गल्ली पसरी म्हणायची. फांदी जिथे मातीला टेकेल तिथे मूळ धरायची. खिडकीखालून निघाली, नळाकडे गेली, पायवाट खाल्ली, मिस्त्रींच्या सायकलीची चाके गिळली. तिच्यात गोगलगायी. त्या गोगलगायी न्हाणीघरात. "या घरात मी भाड्याने राहतो, मालकीण पसरी आहे," हे वाक्य मिस्त्रींनी पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना, डोळ्याच्या डॉक्टरलासुद्धा ऐकवले होते. मुलाला ते ऐकत ऐकतच मिसरूड फुटले होते.

बायको जाऊन अजून वर्ष झाले नव्हते. तिचे कपडे सूनबाईने विचारून विचारून वाटून टाकले होते. चष्मा कुठल्यातरी खणात होता. तिच्या हातचे जिवंत असे या घरात पसरीशिवाय काही उरले नव्हते. रोज संध्याकाळी मिस्त्री तिला पाणी घालायचे आणि घालताना शिव्याही द्यायचे. दोन्हीची सवय होती. हे मुलाला माहीत असायचे कारण नव्हते. शिव्या मोठ्याने असायच्या, पाणी गुपचूप.

"कशी वाटली, बाबा?"

"छान आहे," मिस्त्री म्हणाले.

गॅरेजात एका नटबोल्टावरून गिऱ्हाइकाला अर्धा तास झापणारा माणूस "छान आहे" म्हणाला, आणि सगळ्यात आधी त्यांना राग आला तो याच गोष्टीचा.

मुलगा गेल्यावर ते नळाच्या कट्ट्यावर बसले. मनाशी म्हणाले, भाजीच आहे, हिरा नाही. दुसरी लावू.

पण पसरीला बी नसते. बारीक पांढरी फुले येतात, वाळतात, गळतात, त्यातून काही निघत नाही. ती काडीनेच लावायची. कुणाकडून तरी बोटभर फांदी आणायची, खालची पाने खुडायची आणि मातीत खोचायची. म्हणजे जिथे काडी गेली तिथेच पसरी. आणि काड्या बायकोने वाटल्या होत्या खंडीभर.

वाटण्याचाही तिचा एक कायदा होता: ज्याने चाखली नाही, त्याला काडी नाही. कुणीतरी एकीने सुरुवातीला काडी नेली होती आणि पाने कच्चीच कचाकचा खाल्ली. दातांवर खरखरीत थर बसला, घसा खवखवला, आणि ती बाई गावभर सांगत सुटली की यांनी मला विष दिले. तेव्हापासून जो कोणी काडी मागेल त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायचे, मिठाच्या पाण्यात उकळून, ते पाणी फेकून, लसणावर परतलेली वाटीभर भाजी पुढ्यात ठेवायची. खाऊन झाली की मग कात्री. अर्धी गल्ली अशी मिस्त्रींच्या खुर्चीत बसून जेवून गेली होती.

खाल्ली नव्हती फक्त मिस्त्रींनी. लग्नाच्या नव्या नवलाईत तिने ती अर्धी कच्ची करून वाढली होती. तेव्हा तिलाही ठाऊक नव्हते. यांनी पहिल्याच घासाला ताट सरकवले आणि म्हणाले, "हे गुरांना घालतात." त्यानंतर तिने त्यांना ती कधी वाढली नाही. त्यांची भाजी वेगळी व्हायची. विषय संपला, असे मिस्त्री समजत होते.

तर काडी मिळणे म्हणजे अर्ध्या तासाचे काम, असा हिशोब करून दुसऱ्या दिवशी सकाळी ते समोरच्या शिंप्याकडे गेले. शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "या मिस्त्री. नवे डोळे काय म्हणतात?"

"डोळे ठीक आहेत. पसरीची एक काडी दे."

शिंप्याचे मशीन थांबले. "कुणाला?"

"मला."

"तुम्हाला?" शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. हसायचे असले की तो आधी टाचण्या काढतो. "अहो, तुमचं तर ते वैर. पाच-सहा दिवसांपूर्वी तुमच्या मुलाने टेम्पोभर उपसून नेली, तेव्हा मी हिला म्हटलं, मिस्त्री सुटले बिचारे."

"टेम्पो कुठे गेला?"

"तो भट्टीजवळच्या कचऱ्याच्या खड्ड्यावर. रात्रीच पेटवतात ते सगळं."

"तुझ्याकडची दे."

"माझ्याकडची कुठली! हिने कोंबड्या आणल्या ना. त्यांनी पानं खाल्ली, दांडे खाल्ले, मग माती उकरून मुळं खाल्ली. अंडी मात्र काय देत होत्या, मिस्त्री! पिवळी धम्मक." त्याने मशीनवरचे कापड सरळ केले. "धाकटीकडे जा की. तिच्याकडे नुसता गालिचा आहे."

"दुसरं कुणाकडे आहे?"

"धाकटीकडे असताना दुसरं कुणाकडे कशाला?"

 धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी. चार गल्ल्या पलीकडे तिची लाँड्री. बायको गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेले असताना हीच धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तिच्या हातचं सगळ्या गावाने गोड मानून खाल्लं, भावजी. तुम्ही तेवढे राहिलात." त्या दिवसापासून मिस्त्री त्या रस्त्याने गेले नव्हते. कपडे घरी धुवायचे आणि चुरगळलेले घालायचे, पण तिकडे जायचे नाही, असे ठरलेले होते.

मग औषधाच्या दुकानात. तिथल्या बाईंनी काडी नेलेली मिस्त्रींना पक्की आठवत होती, कारण त्या दोनदा वाटी भरून घेऊन जेवल्या होत्या. बाई म्हणाल्या, "अय्या, ती ना? मी ती गच्चीवर छान उन्हात ठेवली होती. सगळ्यांना ऊन लागतं म्हणून. एका उन्हाळ्यात तिचा कागद झाला." आणि मग, थेंबांची बाटली पिशवीत घालता घालता, "तुमच्या मेहुणीकडे आहे हं भरपूर. दोऱ्यांखाली."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले.

मग पोस्टातून निवृत्त झालेला त्यांचा पत्त्यांतला भिडू. त्याने काडी नेली होती, लावली होती, वाढवली होती, आणि त्याच्या नव्या भाडेकरूने गवत समजून तणनाशक मारले होते. भिडूने गरम गरम चहा पाजला, भाडेकरूला चार शिव्या घातल्या आणि म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अरे, तुझी सख्खी मेहुणी—"

"चहा चांगला होता," म्हणून मिस्त्री उठले.

शेवटी रोपवाटिका. तिथे हिरव्या जाळीखाली एक तरुण माणूस फोन बघत बसला होता. मिस्त्रींनी त्याला पानाचा आकार सांगितला, चकाकी सांगितली, हाताने जमिनीवर पसरून दाखवली.

"पालक," तो म्हणाला.

"पालक नव्हे. पालक उभा वाढतो. ही आडवी."

"आडवा पालक." त्याने बियांचे पाकीट काढले.

"हिला बी नसतं, बाबा."

"बी नसतं असं कसं? बी सगळ्यांना असतं."

"नसतं. काडीने लावतात."

"मग पहिली कुठून आली?"

मिस्त्रींना हा प्रश्न अगदीच मूर्खपणाचा वाटला. मग उत्तर सुचेना, तेव्हा आणखी राग आला. तरुणाने सहानुभूतीने त्यांच्या काळ्या चष्म्याकडे पाहिले. "आजोबा, जमीनच झाकायची आहे ना? प्लॅस्टिकचं गवत आहे. पाणी नको, काही नको. दिसायला सेम."

मिस्त्री पाय आपटत बाहेर पडले. बाहेर पडून उभे राहिले. डावीकडे घर. उजवीकडे चार गल्ल्यांवर लाँड्री. त्यांनी मोठ्याने एक शिवी दिली, ती नक्की कुणाला ते त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते, आणि उजवीकडे वळले.

लाँड्रीच्या मागचे अंगण म्हणजे नुसत्या चादरी. कुठल्यातरी हॉटेलच्या, दवाखान्याच्या. दोऱ्यांवर ओळीने टांगलेल्या. आणि त्यांच्या खाली, त्यांच्या सावलीत, वरून ठिबकणाऱ्या पाण्यावर पोसलेली पसरी. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत. घोट्यापेक्षा उंच. मिस्त्रींना वाटले होते त्यापेक्षा ती हिरवी होती. किंवा मोतीबिंदू काढल्यावर ती अशी दिसत असावी. आपल्या घरची त्यांनी या डोळ्यांनी पाहिलीच नव्हती.

धाकटी चादरीआडून बाहेर आली. तोंडात चिमटे, खांद्यावर ओले पिळे. त्यांना पाहून तिने चिमटे काढले.

"कोण मेलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही. काडी पाहिजे."

"घरातली काय झाली?"

त्यांनी सांगितले. फरशी, खडी, सिमेंट. धाकटीने सगळे ऐकून घेतले आणि खांद्यावरचे पिळे बादलीत टाकले. आता ही रडते की काय, अशी मिस्त्रींना धास्ती वाटली. पण ती धाकटी होती.

"पोराने तुमचं ऐकलं म्हणायचं शेवटी."

"काडी देतेस का जाऊ?"

"देते की. कायदा माहीत आहे ना थोरलीचा?"

"माझ्यावर कसला कायदा लावतेस? माझ्या घरातली भाजी! तुझ्याकडे आली ती माझ्या अंगणातून!"

"आली ना. तेव्हा मी बसले होते तुमच्या खुर्चीत आणि खाल्ली होती वाटीभर. औषधवाल्या बाई बसल्या, शिंपी बसला. तुमच्यासाठी थोरलीने काही सवलत ठेवली असेल तर मला सांगून गेली नाही."

"अगं, मी म्हातारा माणूस, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय—"

"डोळ्यांनी खायची नाहीये, भावजी. आत या."

मिस्त्री नाक मुठीत धरून आत गेले. इस्त्रीच्या टेबलाच्या एका टोकावरचे शर्ट सरकवून धाकटीने त्यांना स्टूल दिले. खोलीत वाफेचा आणि साबणाचा वास होता. मागच्या बाजूला एका शेगडीवर कपड्यांचे पाणी तापत होते, दुसरीवर तिने पातेले ठेवले. शेंडे खुडून आणले. नुसते कोवळे शेंडे, बोटाच्या पेराएवढे. पाने उपटायची नाहीत, शेंडा मोडायचा, म्हणजे मोडल्या जागी दोन फुटतात, हे ती सांगत होती. मिस्त्रींनी ते आयुष्यभर दुसऱ्या एका आवाजात ऐकले होते. पानांना उकळी आली, पाणी हिरवट झाले, तिने ते मोरीत ओतले. लसूण ठेचला, तेलात टाकला, वर भाजी, मीठ. झाले. ते एवढेच असेल, असे मिस्त्रींना वाटले नव्हते. तिने भात आणि त्यावर भाजी अशी थाळी पुढ्यात आपटली आणि समोर शर्ट घेऊन इस्त्री करायला उभी राहिली.

"माझ्याकडे बघू नकोस," मिस्त्री म्हणाले.

"कॉलर करतेय मी."

त्यांनी पहिला घास घेतला. दातांवर काही बसले नाही. घसा खवखवला नाही. पानाचा देठ दाताखाली हलका कुरकुरला. दुसरा घास घेतला आणि ते थांबले. तिसरा घेतला.

"काय झालं?" धाकटीने विचारले.

"काही नाही."

"तोंड का असं केलंत?"

"ही चव..." मिस्त्री म्हणाले. "ही कुठेतरी..."

धाकटीने इस्त्री उभी ठेवली. मग ती हसायला लागली. आधी नाकाने, मग पोटाने, शेवटी टेबलाला धरून. "अहो भावजी! खरंच कळलं नाही तुम्हाला कधी? डाळीत काय घालायची वाटलं ती?"

"कोथिंबीर."

"कोथिंबीर कधी दाताखाली कुरकुरते का?"

मिस्त्रींनी चमच्याने थाळीतली भाजी उलटीपालटी करून पाहिली.

"रोज," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "उकडून, बारीक चिरून, मूठभर. तुमच्या त्या अंड्याच्या पोळ्यातसुद्धा. मला म्हणायची, 'गुरांना घालतात म्हणाले ना, मग घालते रोज.' एकदा तर माझ्यासमोर तुम्ही दुसऱ्यांदा डाळ मागून घेतलीत आणि वर पसरीला शिव्या दिल्यात. मी आणि ती मागे मोरीत जाऊन हसलो."

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे मुलाच्या फ्लॅटवरचे जेवणाचे टेबल आले. आठवडाभर रोज त्यांनी डाळीचा पहिला भुरका घेऊन "काहीतरी कमी आहे" म्हटले होते. सूनबाईने एकदा मीठ वाढवले, एकदा फोडणी बदलली, शेवटी हात जोडून म्हणाली होती, "बाबा, काय कमी आहे तेवढं सांगा, मी आणते." आणि यांनी सांगितले होते, "ते सांगता येत नाही."

"फसवलं तिने मला," ते म्हणाले.

"मग काय तर!"

"इतकी वर्षं! एका घरात राहून! आणि मी काही बोलायला जावं तर..."  ज्या माणसाशी आता कडकडून भांडायला हवे तो माणूस जागेवर नाही, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. त्यांनी चमचा थाळीत आपटला. मग उचलला आणि उरलेली भाजी संपवली, कारण टाकायची कशी?

"म्हणजे मी चाखलेली होतीच," तोंड पुसून ते म्हणाले. "कायद्याप्रमाणे मला बसवायचं काही कारण नव्हतं. तुला माहीत होतं आणि तरी बसवलंस."

"तुम्ही कुठे विचारलंत?" धाकटी म्हणाली. पण आता ती हसत नव्हती. तिने कात्री घेतली. "त्या दिवशी मी बोलले ते... मला तेव्हा सांगायचंच होतं हे, भावजी. पण एवढ्या माणसांत असलं कसं सांगायचं? तोंडातून भलतंच निघालं."

"भलतंच निघालं खरं."

"चला, काड्या देते. आणि तो शर्ट काढून ठेवा इथे, बघवत नाही. हा घाला, कुणी न्यायलाच आलं नाही हा."

तिने चादरी बाजूला करून, वाकून, जाड फांद्या निवडून निवडून कापल्या. खालची पाने खुडली, ओल्या फडक्यात गुंडाळल्या. "सावलीत. ओलं ठेवा, बुडवू नका. लगेच मातीत गेल्या तर उत्तम."

"माती कुठाय?" मिस्त्री म्हणाले.

घरी येईपर्यंत ते दुसऱ्याचा शर्ट घालून बायकोशी भांडत होते. समोरच्या शिंप्याने हात केला, तो त्यांना दिसला नाही. डाळीचे सोडा, अंड्याचे काय? आणि पाहुण्यांसमोर मी बडबड करायचो तेव्हा तू तोंड इतके सरळ कसे ठेवायचीस? एकदा सुद्धा ओठ हलला नाही तुझा. स्वयंपाकघरात शिरल्यावर त्यांनी ऑइलचा एक जुना डबा कापला, घासला, त्यात पाणी भरले आणि काड्या खिडकीत ठेवल्या.

त्याला बरेच दिवस झाले. काड्यांना पांढरी, दोऱ्यासारखी मुळे फुटली आहेत आणि ती आता डब्याच्या तळाशी गुंतून बसली आहेत. वरून शेंडेही आले आहेत. मिस्त्रींनी त्यातले दोन मोडले, उकळले, पाणी फेकले आणि डाळीत टाकले. डाळ करपली, पण करपलेल्या डाळीतही ते कळत होते. धाकटी दर आठवड्याला इस्त्रीचे कपडे घेऊन येते, डबा बघते आणि म्हणते, "अहो, मातीत कधी घालणार? पाण्यात काय पोरं वाढवताय?" सूनबाईने फोनवर विचारले, डाळीत काय कमी होते ते आठवले का. मिस्त्रींनी सांगितले, पुढच्या वेळी येताना घेऊन येतो.

मुलगा येतो तेव्हा मागच्या अंगाला जाऊन फरशीवर एक चक्कर मारतो. टाच दाबून बघतो. "कुठे पोकळ लागत नाही ना, बाबा? पाय घसरत नाही ना?"

"नाही. छान आहे," मिस्त्री म्हणतात.

गॅरेजमधून आणलेली पहार दाराआड उभी आहे. खिडकीखालच्या फरश्या अजून काढायच्या आहेत, आणि मुलाला अजून सांगायचे आहे.